एका वितीची लाट

निवतीच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागे,
नेटवर्कच्या दोन काड्या येतात.
तिथंच बसते मी, माशांच्या उपड्या क्रेटवर,
मांडीवर लॅपटॉप.
आज एकोणचाळिसावा दिवस.

स्फोट बावीस सेकंदांचा.
तो उपग्रहानं पाहिला, मी नाही;
मी तेव्हा गॅसच्या नंबरासाठी फोन कानाला धरून होते.
क्ष-किरण लवकर मंदावले,
दुर्बिणींतला ठिपका आठवडाभर टिकला.
आमचं काम त्यानंतरचं.
रेडिओ सावकाश येतो,
तेराव्यानंतर पोचणाऱ्या लांबच्या नातलगासारखा,
आणि बाकीचे गेले तरी थांबतो.

तरंगलांबी एकवीस सेंटिमीटर.
म्हणजे माझी एक वीत.
ही वीत निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती,
समुद्र नव्हता, मिठाला अजून चव यायची होती.

बाबल मेतर ट्रॉलरांचे वायरलेस दुरुस्त करतो.
म्हणतो, "पयली खरखर आयक गो, माणूस मागसून गावता."
दोन तास मी तेच करत्येय.
मोबाइलचा टॉवर कापला, विमानं कापली,
कुठल्याशा उपग्रहाची शिटी कापली,
एक अँटेना रात्रभर रुसलेला, तोही.
उरलं त्यात मधोमध एक ठिपका.
एकशेऐंशी मायक्रोजान्स्की.

नवव्या दिवशी हाच ठिपका लुकलुकत होता,
ताऱ्यांमधल्या विरळ वायूनं हलवलेला.
आता हलत नाही.
हलत नाही म्हणजे मोठा झाला, पसरला,
म्हणजे आता विझणार.

हे बाबलला सांगितलं.
सोल्डरिंगची तार बोटाला गुंडाळत तो म्हणाला,
"भावाची 'सातेरी प्रसाद' पेटली, दगडांच्या पलीकडे.
उजेड वायच पडलो आणि संपलो.
मगे महिनोभर फळ्यो येत रवल्यो.
एक खवण्याक गावली, एक कोंडुऱ्याक.
निळो रंग तसोच."
कुठली फळी कुठल्या दिवशी कुठं लागली
यावरून त्यानं काढलं होतं
बोट नेमकी कुठं होती ते.
कागद अजून आहे, वायरलेसच्या पुस्तकात घडी करून.
मी तो उलगडून पाहिला.
भरतीच्या वेळा, वारा, बाणांच्या खुणा,
आणि एका जागी पेन्सिल इतकी दाबलेली
की कागदाला भोक.

नव्वदाव्या दिवशी पुन्हा तेच क्रेट.
तारली उतरतेय, बायका भावावरून भांडतायत.
नकाशात मधोमध काही नाही.

"गेलो?" बाबल विचारतो.

गेला, असं आम्ही लिहीत नाही.
खरखर मोजतो, तिला तीननं गुणतो,
आणि लिहितो: असलाच, तर याहून उजळ नसावा.

"याहून म्हणजे कितको?"
पंचेचाळीस, मी म्हणते.

खिशातली डायरी काढून
डिझेलच्या हिशेबाखाली
तो आकडा उतरवून घेतो,
तारीख घालतो.