पीळ

झिबल, तुझ्या कंदिलाचा कागद अजून आढ्याला खोचलेला आहे,
खळीने चिकटवलेला, चौदा तुकड्यांचा.
त्या रात्री तो शहरावरून उडायचा होता,
तो पाहून घोडेस्वार निघायचे होते.
कुणीतरी आधीच जाऊन सांगितलं.
सांगणारा पुढच्याच उन्हाळ्यात पटकीने मेला,
माझ्या हाताची वाट न बघता.

मग मागावर बसून मी उरलेली माणसं मोजली.
पहारेकरी. फर्मान वाचणारा कारकून.
ढोल बडवणारा.
आणि ज्याने दोर वळला, तो.

त्याचं नाव मला कळलं
जीव जडून गेल्यावर.

नागनदीच्या काठी अंबाडी कुजत घालतात,
लोक नाकाला पदर लावून तिथून भरभर जातात.
डोमा तिथे दिवसभर उलट्या पावलांनी चालायचा,
कमरेला वाखाचा भारा, बोटांतून दोर सुटत जायचा
कोळ्याच्या पोटातून सुटावा तसा.
माझी पाण्याची घागर तुटक्या दोराला अडकलेली,
तर म्हणाला, "कोष्ट्याची पोर आन् गाठ मारता येत नाई?"
मी हसले.
तुझं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, झिबल,
आणि मी हसले.

आपल्या आळीत त्याच्या सावलीलाही वाट नव्हती.
मी त्याच्या मडक्यातलं पाणी प्याले,
अंधारात, दोनदा,
दुसऱ्यांदा तहान नसताना.

इतवारीचा वाणी सुताचा हिशेब वाचत होता,
बोट घसरलं त्याचं वरच्या ओळीवर:
किल्ल्यावर पोच, अंबाडीचा दोर, बारा हात,
डोमा दोरवळ्या, दीड आणा.
तारीख वाचायची गरज नव्हती.
दीड आण्यात तेव्हा काय यायचं, तेच आठवत राहिले घरापर्यंत.

विळा त्याच्याच खोपटातला घेतला.
तो जागाच होता.
"ये," म्हणाला, "कवाची वाट पाहून रायलो."
मग विळ्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून बोलला:

"कोनाच्या गळ्यासाठी हाये, मले मालूम होतं.
म्हून मधोमध एक लड सडकी घातली.
वाटलं, तुटंन, आन् देवाची मर्जी म्हून सोडतीन.
तुटला.
मंग त्यायनं साखळी आनली.
तुह्या भावाले मरन दोनदा आलं, तुळसा.
पयलं माह्या हातचं."

दोर तुटला तेव्हा मी गर्दीत होते, झिबल.
तू धुळीत बसला होतास, खोकत.
आई ओरडली, "सुटला! माहा सुटला!"
तेवढ्यात मी तुला घरी आणलं,
तुझ्या हळदीचं लुगडं विणलं,
तुझ्या लेकीचं नाव ठेवलं, काठसुद्धा निवडला तिच्या झबल्याचा.
मग साखळी वाजली.

तेवढा वेळ त्याने दिला होता मला.
त्या वेळासाठी त्याचे पाय धरू,
की त्याच वेळासाठी गळा चिरू,
तू सांग. तू दोन्ही बाजूंनी पाहिलंस.

त्याने भोवरकडी माझ्या हातात दिली.
विळा कुठे ठेवला, मला आठवत नाही.
"धर," म्हणाला. "सोडाचं असंन त सोड.
पीळ भरलेला दोर उलटा येते,
डोया फोडते मानसाचा."

आणि मागे मागे चालत गेला,
काळोखात दिसेनासा होईपर्यंत.
हाताला नुसती ओढ कळत होती.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही, म्हणतात.
जळलेलं मी पाहिलं नाही.
फिरवते.
रोज एका फेऱ्याला बोटं सैल होतात,
तिकडे त्यालाही कळतं,
त्याची पावलं थांबतात थोडी.
या दोराचं गिऱ्हाईक कोण,
अजून विचारलेलं नाही.