पहिलं अक्षर

शेफील्डच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
मी डॉक्टरांची पत्रं टाइप करते.
कानात हेडफोन, पायाखाली पेडल.
दाबलं की डॉक्टर बोलतात,
सोडलं की गप्प.
एवढं सुख घरी नाही.

मॉरीनने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
चहात बिस्किट बुडवता बुडवता :
आजार लहान अक्षरात, माणूस मोठ्या.

म्हणून इन्फ्लुएन्झा लहान,
जरी तो थेट ताऱ्यांवरून उतरलेला.
इटलीत कुणीतरी तापल्या अंगाने वर बघितलं
आणि ग्रहांवर ढकलून दिलं.
आमच्या इंदूआत्याने शनीचं नाव घेतलं असतं, एवढाच फरक.
मलेरिया लहान : नुसती खराब हवा.
जर्मन गोवरातला जर्मन मोठा, गोवर लहान.
पार्किन्सन मोठा. तो डॉक्टर होता.

आणि ज्याला होतो तो?
"पेशंट? लहान," मॉरीन म्हणाली
आणि बिस्किट तुटून कपात पडलं.

माझ्या लिपीत ही भानगड नाही.
सगळे एकाच दांडीला लटकलेले,
राजा, खरूज, शेफील्ड, देव.
देवीसुद्धा.
दंडावर तिची खूण आहे माझ्या, नाण्याएवढी.
मॉरीनला वाटलं, भाजलंय.
म्हटलं, लहानपणी देवी काढल्या होत्या.
देवी म्हणजे?
म्हणजे आजार. म्हणजे आई.
ती विचारात पडली :
मग मोठं लिहायचं की लहान?

काल स्टॅनिंग्टनच्या हॅरल्ड ऑक्स्प्रिंग यांचं पत्र केलं.
चाळीस वर्षं सुऱ्यांना धार लावली त्यांनी.
आता उजवा हात थरथरतो, आणि
"अक्षर बारीक होत चाललं आहे," डॉक्टर म्हणाले,
"हेही लक्षणच."
सोबत त्यांनी सही केलेला कागद होता.
एच बऱ्यापैकी उभा,
पुढची अक्षरं उतारावरून घरंगळल्यासारखी,
आणि आडनावाचा ओ,
नियमाने मोठा असायला हवा तो ओ,
तिळाएवढा.

मी पेडलवरून पाय काढला.

आमच्याकडे याला कंपवात म्हणतात.
कुणाचंच नाव नाही त्यात,
थरथर आहे आणि वारा.
पण पत्र इंग्रजीत होतं.
मी पी मोठा केला,
मग त्यांचं नाव लिहिलं,
एच मोठा, ओ मोठा,
आणि तो ओ कितीतरी वेळ
बघत बसले.