सात किल्ल्या

बत्तीस वर्षं मी मीटर वाचले.
पर्वरी, सुकूर, साल्वादोर द मुंद,
खाली उतरून बिठ्ठोणपर्यंत.
आधी हातात चोपडी, मग मशीन,
पोटरीवर दोन कुत्र्यांच्या खुणा,
एक पेन्हा द फ्रान्सच्या, एक माझ्याच आत्याच्या.

घर म्हणजे मला पायरी आणि भिंतीवरचा खोका.
आतलं सगळं आकड्यावरून कळायचं.
चाळीस युनिटं: म्हातारी आणि रेडिओ.
चारशे: मुलगा बोटीवरून सुट्टीला आलाय.
शून्य आलं की मात्र
मी दारात दोनदा हाक मारायचो.
"या, बसा" म्हणालंही असेल कुणी.
पण पुढची घरं राहिलेली असायची.

आता सकाळी साडेनऊ ते साडेबारा
टेकडीवरच्या बिल्डिंगीत माझे सात फ्लॅट आहेत,
म्हणजे किल्ल्या आहेत.
मालक दिल्लीला, नोएडाला, एक लिस्बनला,
एक कुठे असतो ते एजंटालाही ठाऊक नाही.
फ्लॅटमागे महिन्याला सहाशे.
खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे,
तांबूस पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत
नळ सोडून ठेवायचे,
श्रावणात कपाटातल्या बुटांवर बुरशी चढते
ती पुसायची. सगळे बूट नवे. सगळे डाव्या-उजव्यासकट
माझ्या मापापेक्षा मोठे.

शालन म्हणते, "पेन्शन येता न्ही?
मग लोकांच्या संडासात पाणी ओतायला कशाला जातोस?"
तिला काय सांगू.
साडेनऊला शर्टाचं वरचं बटण लावायला
माणसाला काहीतरी कारण लागतं.

गेटवर कायतान फुर्तादो.
तीस वर्षं जहाजाच्या इंजिनात,
आता अर्धा दिवस झाडांना पाणी.
त्याला एका कानाने ऐकू येत नाही,
दुसऱ्याने तो ऐकत नाही.
"आयलो व्हडलो साहेब," म्हणत
उंडो मोडून अर्धा माझ्यापुढे करतो.
आम्ही पगाराबद्दल बोलत नाही.
त्याला जास्त मिळतो असं मला वाटतं,
त्याला वाटतं मला.

तीनशे दोनवाली बाई दिल्लीहून व्हिडिओ कॉल लावते.
आरोंदेकर, जरा नदी दाखवा.
मी फोन बाल्कनीबाहेर धरतो.
पलीकडे चोडणची हिरवी रेघ,
मध्ये एखादं बार्ज, रिकामं, वर उचललेलं.
ती काही बोलत नाही. मीही नाही.
तिकडे मागे कुणीतरी खोकत असतं.
हाताला रग लागली की फोन दुसऱ्या हातात घेतो,
मांडवी क्षणभर उभी राहते.
याचे पैसे वेगळे नाहीत.

काल पाचशे एकमध्ये पंखा लावला
आणि वीज गेली.
सवयीने हात खिशाकडे गेला, पेन शोधायला.
नियम असा की थांबायचं,
फ्रिज सुरू झालेला ऐकायचा, मग कुलूप.
सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच.
भिंतीला खिळा, त्यावर काही नाही.
थोडा वेळ उभा राहिलो.
गुडघ्याने विचारलं, किती वेळ?

बसलो.
प्लास्टिक केवढ्यानं वाजलं.
चोरी पकडल्यासारखा पुन्हा उठलो,
मग परत बसलो, हळू.
खाली कायतानचा पाइप झाडांवर सरसरत होता.
आतून आता कुणीतरी पाणी घेऊन येईल
असं खरंच वाटलं.
पदराला हात पुसत, "केवढं ऊन हो" असं काहीतरी म्हणत.
आतल्या मोरीत नळ मीच सोडलेला होता,
तो वाहत होता.

वीज आली. फ्रिज खाकरला.
एजंट मागत नाही, पण चोपडी मी ठेवतो.
लिहिलं:
५०१. खिडक्या चार. नळ तीन. पंखा ठीक.
बसलो, बावीस मिनिटं.
मग प्लास्टिकवरची सुरकुती
तळव्याने सपाट करून निघालो.
पूर्ण गेली नाही.