तीन पॉइंट दोन

या यंत्राला खिडकी नाही.
माऊस नाही, रंग नाही, वॉलपेपरवरचा समुद्र नाही.
काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ
लुकलुकत उभी,
पहारेकऱ्यानं झोप लागू नये म्हणून
स्वतःलाच चिमटे काढावेत तशी.

काम त्याचं एवढंच: हिमनदीच्या पोटात सोडलेल्या
अकरा तारांचं तापमान दर तासाला लिहून ठेवणं.
काम माझंही जवळपास तेच.
नारीन खाली राहिलं. खिंड एप्रिलपर्यंत बंद.

जिपारनं पत्ता सांगितला उपग्रहाच्या फोनवर,
अक्षर अक्षर. "मोठा के, बाबा. मग शून्य.
ओ नव्हे, शून्य. भोपळा."
येकातेरिनबर्गात तिच्यामागून ट्राम गेली,
दोन अक्षरं त्यात बुडाली, पुन्हा सांगितली.
बहात्तर झाली. मी पिठाच्या पिशवीवर लिहून घेतली.

पहिल्यांदा उत्तर आलं: सापडत नाही.
दुसऱ्यांदाही तेच.
मग असिलकान कणकेचे हात पुसून, चश्मा लावून आली.
"हा सात आहे का एक? अक्षर आहे का
कोंबडीचे पाय?"
एक होता.

पान लिंक्समध्ये उघडलं.
लिंक्स म्हणजे ब्राउझर, नुसती अक्षरं वाचणारा.
लिंक्स म्हणजे आमची सुलोसूनही,
कानांवर काळे झुपके असलेली, कड्यावरची रानमांजर.
असिलकाननं एकतीस हिवाळे तिचे ठसे पाहिलेत,
तिला एकदाही नाही.
पानही तसंच. जिथे चित्र, तिथे कंसात एक शब्द:
चित्र.
बर्फात पंजा उमटलेला
आणि जनावर पुढे निघून गेलेलं.

"आत आहे का ती?"
"आहे. कंसात आहे."

डब्ल्यूगेट. बहात्तर अक्षरं. एंटर.
सहा टक्के. सात. सात. सात.
चहा झाला. चव्वेचाळीस.
एकाहत्तरावर उपग्रह कड्याआड गेला.

अर्धवट मुलगी माझ्या डिस्कवर.
चित्र वरून खाली येतं म्हणतात,
म्हणजे कपाळ आलं असेल, डोळे, हनुवटी.
पाय तिकडेच राहिले.

दुसऱ्या रात्री वजा सी लावलं.
वजा सी म्हणजे: जिथे तुटलं तिथून जोड.
जोडणाऱ्या गोष्टीला वजाचं चिन्ह कुणी दिलं, कोण जाणे.
जिपारशी मी चार वर्षं बोललो नव्हतो.
ते आत्ताच का आठवावं, तेही कोण जाणे.

दोन वाजून गेल्यावर शंभर.
तीन पॉइंट दोन मेगाबाइट, मी मोठ्यानं वाचलं.
असिलकान अंथरुणातून म्हणाली,
"चांगलं आहे की. जिपार याहून हलकी होती."
मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

"आणि नाव?"
आय एम जी, मग तारीख, मग आठ आकडे.
"हे काय लेकराचं नाव झालं?"

नाव तुम्हीच ठेवा, असं जिपार म्हणाली होती,
शेवटी, घाईत, फोनचे पैसे संपत आले असताना.
इथे नाव बदलायची आज्ञा आहे एम व्ही, म्हणजे हलव.
यंत्राला दोन्ही एकच:
नाव बदलणं
आणि इथलं उठून तिथे जाणं.
मी बराच वेळ नुसता बसलो.
मग टाइप केलं: बेरमेत.
मोती.

दाखवायला इथे काही नाही.
काळा पडदा, पांढरी रेघ.
पण रोज रात्री नोंदी झाल्या
की मी यादी मागवतो, एल एस, लांबवाली.
अकरा तारांच्या अकरा फायली रोज थोड्या फुगलेल्या,
आणि त्यांच्यात ती.
तीन पॉइंट दोन.

तिकडे चार किलोची झाली असेल, पाचाची.
मान धरत असेल.
इथे तेवढीच.
सातव्या तारेशी बर्फ कालच्यापेक्षा
शून्य पॉइंट एकनं उबदार.