एक जून

साडेनऊला तपासणी चालवली. महापे, तिसरा मजला.
चाळीस शतांश सेकंदात उत्तर:
चारशे बारा फाइली, चूक एकही नाही.
इतक्या चटकन कुणी ‘संपवलं सगळं’ म्हटलं
की माझी आई आधी ताटाखाली बघायची.

दुपारी एका ग्राहकाचा फोन.
पाचशे अधिक वीस: पन्नास हजार वीस.
बेरजेनं आकडे मिळवले नव्हते,
नुसते शेजारी शेजारी चिकटवले होते,
अंक नव्हेतच ते, शब्द आहेत असं समजून.

शोधत गेले. कुणीतरी (मीच, मंगळवारी)
‘इंट’ खोडून ‘स्ट्र’ लिहिलं होतं, दोन ठिकाणी.
रोमन लिपीतली तीन अक्षरं गेली, तीनच आली.
फाइलीचं वजन गुंजभरही हललं नाही.
आणि तारीख?
आमचा बिल्ड सर्व्हर सगळ्या फाइलींना एकच तारीख लावतो,
जुन्या शाळेत गुरुजी लावायचे तशी.
माझ्या वडिलांची एक जून, दोन्ही काकांची एक जून,
आत्याची सुद्धा.

तपासनीस दाराशी आला,
वजन पाहिलं, तारीख पाहिली,
वहीतून कालचं उत्तर काढून शिक्का मारला.
आत गेलाच नाही.
खोटं बोलला म्हणता येणार नाही त्याला,
कालचं खरं बोलला.

“उडव ना ते कॅशचं फोल्डर,” तांडेल म्हणाला.
सगळे तेच करतात.
मग तपासनीस पुन्हा बिगारीत बसतो, बाराखडीपासून.
अकरा मिनिटं.
चहा होतो, तांडेलच्या दिवागावच्या
भाऊबंदकीचा पुढचा अंक होतो,
आणि गुरुवारी पुन्हा तेच.
विसरून सुटता येतं, पण रोज अकरा मिनिटं भरून.

संध्याकाळी शेअर रिक्षात नवनाथनं हाक दिली,
“रंगाची कंपनी!”
रंगाची कंपनी बंद होऊन नऊ वर्षं झाली.
तिथं आता बिनखिडक्यांचं डेटा सेंटर,
कुणाकुणाच्या आठवणी गार हवेत रचलेल्या.
तरी तिघं बरोबर उतरले.
नाव शिळं, थांबा ताजा.
घणसोलीपर्यंत तेच चघळत राहिले:
आतलं सगळं पालटलं तरी
उतरणाऱ्याला लागतं काय?
रस्त्याची कड. एक हाक.

रात्री लिहिलं ते असं:
तारखेवर विसंबू नकोस.
फाइल उघड, अक्षरन् अक्षर वाच, ठसा काढ.
जुळला तर जुनं उत्तर दे, खुशाल.
नाही जुळला तर आत जा,
आणि बाहेर येताना बघ
दारावरची पाटी तीच आहे का.
तीच असेल तर शेजाऱ्यांना उठवू नकोस, झोपू दे.
बदलली असेल तर मात्र
तिच्या भरवशावर बसलेल्या प्रत्येकाचं दार वाजव,
मग त्यांची पाटी बघ, मग त्यांच्या शेजाऱ्यांचं दार,
जिथं काहीच बदलत नाही तिथपर्यंत.

चालवली.
सदतीस चुका. लालभडक.
मंगळवारपासून मूग गिळून बसलेल्या.
तांडेलला फोन केला, “सदतीस!”
“अभिनंदन,” तो म्हणाला, “झोप आता.”
वेळ लागला साठ शतांश.
वीस जास्तीचे, आत डोकावण्याचे.

दुसऱ्या दिवशी नवनाथ गावी, रिक्षावर त्याचा भाचा.
पोरानं नवा फलक वाचून हाक दिली,
“डेटा सेंटर!”
स्पष्ट, ताजी, अचूक.
कॅन्टीनच्या बारकूबाय
मांडीवरचा डबा धरून बसून राहिल्या.
रिक्षा पुढं निघाली, नाका मागं पडला,
तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाल्या,
“आज रंगाची कंपनी आली नाय का गो अजून?”