उजवी बाजू

नेकनूर सोडल्यावर, बालाघाटाच्या चढाला,
रात्री सव्वादहाला पुढं रांग थांबलेली दिसली.
तेव्हा मी काय केलं ते आधी सांगतो,
म्हणजे बाकीचं सांगायला तोंड राहील.

मी पिकअप उजवीकडं घातली.
समोरून एकही गाडी येत नव्हती.
का येत नाही, हा प्रश्न ज्याला पडायचा
तो माझ्यातला माणूस मागं क्रेट मोजत बसलेला :
धारूरची सीताफळं, एकशेदहा क्रेट,
डोळे उघडलेली.
सकाळच्या लिलावाला पोचली तर पैसा,
दुपार झाली तर गुरांपुढं.

रांगेतले ड्रायव्हर बघत होते.
एकानं शिवी घातली,
ती मी हॉर्न समजून सोडून दिली.
आरशात पाहिलं तर माझ्यामागं
नऊ गाड्या लागलेल्या.
चुकलेल्या माणसाला सोबत लवकर मिळते.

वर वळणावर दोन ड्रम, एक दोरी,
बाभळीची फांदी, आणि एक होमगार्ड बाई.
छातीवर पाटी : सं. घुगे.
ओरडली नाही. खिडकीशी येऊन म्हणाली,
"दादा, गाडी बंद करा. चावी काढून माझ्याकडं द्या.
आता सेल्फ मारायचा नाही."
तिच्या टोपीत वीस-पंचवीस चाव्या होत्या,
कुणाची गणपतीची, कुणाची चांदताऱ्याची.

मग वास आला.
घरात सिलिंडर बदलताना येतो तोच,
पण इथं घर नव्हतं,
अख्खा डोंगर होता.
वळणापल्याड टँकर कुशीवर पडलेला
आणि गॅस उताराउतारानं
पाण्यासारखा आमच्याकडं येत होता,
न दिसता.

बिडी विझवा, मोबाइल बंद, स्टोव्ह नको.
इतकी इंजिनं गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती.
रातकिडे ऐकू आले. कुणाची तरी ढेकर ऐकू आली.

आणि लांब खाली, केजकडून,
लाल दिवा.
फिरत होता, पण एकाच जागी.
भोंगा वाजत होता, पण जवळ येत नव्हता.
मला कळायला उशीर लागला
की तो कशानं अडलाय.
माझ्या मागं नववी गाडी, तिच्यामागं तो.
नऊ गाड्या मोजा,
पहिली माझी.

कुणी काही बोललं नाही, ते फार वाईट.
ज्यानं शिवी घातली होती
तो नांदेडचा जसबीरसिंग
ट्रकातून उतरला, पागोटं सारखं केलं
आणि माझ्या बोनेटला खांदा लावला.
इंजिन बंद, म्हणजे ब्रेकही दगड.
गाडी उताराला सुटली तर मागच्यांचा चेंदा,
म्हणून दोन क्लीनर पोरं
चाकामागं धोंडे सरकवत चालली :
हातभर गाडी, धोंडा. हातभर गाडी, धोंडा.
शेवटच्यापासून सुरू करून एकेक
कडेच्या चारीत.
माझी सगळ्यात शेवटी.
क्रेट कलंडले. सीताफळं फुटून
टायरखाली साखर झाली.
बंब वर गेला तेव्हा
बाराला पाच कमी होती.

स्फोट झाला नाही.
म्हणून पेपरात दोन ओळी आल्या,
त्यातही गावाचं नाव चुकलेलं.

उजाडताना घुगेबाईंनी चाव्या वाटल्या.
माझी ओळखून दिली. कशी, ते विचारलं नाही.
मी चार सीताफळं पुढं केली,
त्यातलं एक घेतलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं,
"आजच्या आज संपवा," म्हणाल्या,
आणि दोरी गुंडाळायला गेल्या.

आता भाचा असतो बरोबर.
रांग थांबली की उजवीकडं मान वळवतो,
"मामा, मोकळं हाय की!"

मोकळं नाय ते, मी म्हणतो.
कुणाचं तरी यायचं राहिलंय.