अनंताचा आटा

नार्वा. तिसरा मजला, स्वयंपाकघर.
खिडकीखाली नदी, नदीपल्याड दुसरा देश.
टेबलावर अंड्यांचा रिकामा खोका:
दहा खळगे, खळग्यात एखादा स्क्रू, एखादं कडं,
जसं सुटलं त्या क्रमानं.

लेन्स वरच्या मजल्यावरच्या आलीसेची.
जुन्या बाजारात पाच युरोला मिळाली तिला.
विकणारा म्हणाला म्हणे, किरकोळ दुरुस्ती.
किरकोळ!
आठही पाती तेलानं एकमेकांना चिकटलेली,
फोकसचं कडं ढिम्म,
आणि मधल्या काचेच्या कडेला बुरशी,
जानेवारीत बसच्या खिडकीवर बर्फ फुलतं तशी
फांद्याफांद्यांची.

"क्लावा मावशी, जमेल ना?"
सत्तावीस वर्षं मागावर होते मी.
तुटला धागा डोळा लवायच्या आत सांधायचे.
गिरणी बंद झाली
तेव्हा बोटांना कुणी कळवलं नाही.
जमेल, म्हटलं.

पुढचं कडं सिंकच्या रबरी बुचानं दाबून फिरवलं.
आतल्यासाठी नातवाचं कर्कटक,
टोकं कानशीनं घासून चपटी केलेली.
काच तळहातावर आली.
श्वास रोखून धरला होता,
तरी ती धुरकटलीच.

बुरशी गेली. ठसा राहिला,
काचेनंच खाऊ दिलेला.
दिव्याकडे तिरकं धरलं तरच दिसतो.
आलीसेला सांगायचं का, ते अजून ठरत नाही.

जुनं ग्रीस हिरवट, मेणासारखं घट्ट,
त्याला गिरणीच्या तळघराचा वास.
काम टाकून
हुंगत बसले थोडा वेळ.

पाती लायटरच्या पेट्रोलात धुतली.
सात सरळ बसतात.
आठवं पहिल्याच्या खाली सरकवायचं,
तेवढ्यात तिसरं उडी मारतं.
तीनदा मारली.
चौथ्यांदा मी रशियनमध्ये असं काही बोलले
जे लेकीबाळींसमोर बोलू नये.
आलीसे म्हणाली, हा शब्द येतो मला.

आणि मग घाम फुटला.
आट्यांचं नळकांडं सुटलं ते नेमकं कुठे,
याची खूण मी केलीच नव्हती.
सहा तोंडं असतात त्या आट्यांना.
सहाही ठिकाणी ते बसतं, फिरतं, गुणी बाळासारखं.
एकाच ठिकाणी बसलं तर दूरचं दिसतं;
उरलेल्या पाचांत
जग कुठेतरी अलीकडेच अडकतं.

पहिलं तोंड. दुसरं.
चहा.
तिसरं.
मग दिव्याखाली, पितळेच्या काठावर,
एक केसाएवढी रेघ
आणि आतल्या नळीवर तिची जोडीदार.
सुईनं ओढलेली.
माझ्याआधी कुणीतरी हे उघडलं होतं,
कुठल्या गावात, कुठल्या टेबलावर, कोण जाणे,
आणि मी जे विसरले ते तो विसरला नव्हता.
किंवा ती. रेघ फार नेटकी होती.

रेघेला रेघ लावली. खिडकी उघडली.
कडं शेवटपर्यंत, आडव्या आठाच्या आकड्यावर.
पलीकडचा बुरूज आला, दगड न् दगड.
बुरुजाच्या डावीकडे रिम्माची इमारत.
मावसबहीण माझी.
पूल रात्री बंद असतो, दिवसा रांग,
आणि माझे गुडघे रांगेचे राहिले नाहीत.
चौथ्या मजल्यावर काहीतरी निळं वाळत होतं.
तिचं की शेजारणीचं,
एवढं काही लेन्स सांगत नाही.

"अनंत किती लांब असतो?" आलीसे.
या लेन्सचा तर निम्म्या नदीतच सुरू होतो, म्हटलं.
त्यापुढचं सगळं तिला सारखंच लांब.

ती जिने चढून गेली, दोन दोन पायऱ्या.
टेबल पुसताना पाहिलं:
पाचव्या खळग्यात एक स्क्रू.
लेन्स तर नीट चालते आहे.
हलवून पाहिला, उजेडात धरला,
शेवटी काडेपेटीत घातला
आणि वर लिहिलं: आलीसे.